आयांच्या रांगेत

मुलींच्या शाळेतल्या शर्यती बघायला फक्त आयांना प्रवेश होता. लेकीला आई नव्हती. म्हणून बापाने मिशीवर पाणी सोडलं, बहिणीचा झगा चढवला आणि डोक्याला रुमाल बांधून तो आयांमध्ये जाऊन बसला. लेक पहिली आली, तसं त्याचं भान हरपलं. कुंपणावरून उडी मारताना झगा अडकला आणि आतली पँट सगळ्यांना दिसली.

मुख्याध्यापिका इतिहास शिकवायच्या. "प्राचीन ग्रीसमध्ये खेळ बघायला बायकांना बंदी होती," त्या हसू दाबत म्हणाल्या. "एक आई प्रशिक्षकाच्या वेषात मुलाचा सामना बघायला गेली आणि अशीच उडी मारताना सापडली. तिला माफ केलं."

"मग मलाही करा, बाई."

"केलं. पण पुढे तिथे नियम निघाला, की प्रशिक्षकांनी कपडे काढूनच आत यायचं. त्यापेक्षा आम्ही पुढच्या वर्षीपासून बापांनाच बोलावू."