वाढत्या अंगाचा फ्रॉक

"पोरांची झोप गिळलीत तुम्ही, आणि वर सत्काराच्या शालीही पांघरल्यात!" पालकसभेत उभी राहून वृषाली कडाडली.

मंचावर आरोग्य खात्याचे साहेब बसले होते. त्यांच्याच खात्याने तीन वर्षांपूर्वी पहिलीच्या पोरांना झोप उडवणारे 'जागर' थेंब पाजले आणि तेव्हापासून त्या पोरांच्या डोळ्याला डोळा म्हणून लागला नव्हता. रात्रभर शाळा भरायची, निकाल मात्र झकास लागायचा.

"ताई, तुमची ऋजुता तर जिल्ह्यात पहिली आलीय. तक्रार कसली करताय?" साहेब हसले.

वृषालीने पिशवीतून लेकीचा गणवेशाचा फ्रॉक काढला आणि टेबलावर आपटला. "पहिलीत वाढत्या अंगाचा शिवला होता हा. दर जूनमध्ये खालची दुमड थोडी थोडी उसवायची, असं ठरवलं होतं. पोरगी चौथीत गेली, कापड विरलं, पण दुमड आहे तशीच आहे."

"आनुवंशिक असेल. आईबाप बुटके असले की..."

"मग अख्खा वर्ग काय एकाच आईबापाचा आहे?" मागून एक बाप ओरडला. कुणीही हसलं नाही.

"पोर झोपेत वाढतं, हे पाळणा हलवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक होतं," वृषाली म्हणाली.

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"पाणी नंतर प्या. बाहेर तुमच्या गाडीत तुमची मुलगी गाढ झोपलीय. ड्रायव्हर म्हणाला, तीही चौथीतच आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच झालीय. तिला थेंब का नाही पाजलेत? बोला!"