बाहेरची कडी

"मॅडम, सासूबाईंना कानडीच येती. त्या बोलतील ते मी सांगते," मांडीवरच्या लेकराला थोपटत वैजयंती म्हणाली. समुपदेशक मॅडमनी मान डोलावली.

"तू कुठं निघालीस की दाराला बाहेरून कडी," भागम्मा कानडीत सुनेला म्हणाल्या. "जीव गुदमरतो गं माझा."

त्या एकदा वाट चुकून पालमच्या स्टँडवर सापडल्या, तेव्हापासून वैजयंतीला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"झोप लागंना म्हनतेत," तिनं मॅडमना सांगितलं.

मॅडम खुर्ची ओढून भागम्मांजवळ सरकल्या आणि त्यांनी अस्खलित कानडीत विचारलं, "अज्जी, ती कडी कोण लावतं?"

वैजयंतीचा थोपटणारा हात थांबला. भागम्मांनी सुनेकडं पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या लेकराकडं.



"वाऱ्यानं लागती, बाई."