वाकडा टाका

मी कमरेचा पट्टा काढून म्हाताऱ्या कारागिराच्या हातात दिला. "जरा बघता का, माल कसा आहे?"

त्यांनी तो उलटा वाकवून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. "अखंड चामडं आहे. थर चिकटवून गिऱ्हाइकाला टोपी घातलेली नाही." मग बक्कलापाशी त्यांचं बोट अडलं.

"हा वाकडा टाका माझाच. मुलगा पहिल्या नोकरीला परगावी निघाला, त्या सकाळी शिवला होता. डोळे भरले होते, सुई सरकली." त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "तो हा पट्टा कुणाला देणार नाही. तुमच्याकडे कसा आला? बरा आहे ना तो?"

 

पट्टा परत कमरेला बांधत मी कालच्यासारखंच म्हणालो, "बरा आहे, बाबा."