काजळाची तीट

शाळेच्या दारातल्या यंत्रासमोर मृण्मयीने आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, चार्वीला उभं केलं. मुलाच्या कपाळावर प्रकाश टाकून ते पुढे कितवीपर्यंत शिकेल, हे यंत्र सांगायचं. आकडा दहावीच्या आतला आला की त्या मुलाला अक्षरं शिकवतच नसत, नुसतं हातकाम.

यंत्र घुरघुरलं आणि गप्प झालं.

"अहो ताई, एवढी मोठी तीट लावून कोण आणतं तपासणीला?" यंत्राजवळच्या बाई वैतागल्या. "पुसा आधी."

"दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी लावली हो," म्हणत मृण्मयीने रुमाल काढला. तेवढ्यात तिची नजर हातकामाच्या वर्गाकडे गेली. शेजारची बडबडी ईशिता, कालच सातवीचा आकडा आलेली, तिथे मुकाट्याने कागद दुमडत बसली होती. मृण्मयीने रुमाल परत पर्समध्ये टाकला.

"यंत्राला सांगता आलं नाही, तर?"

"तर नियमाने अक्षरांच्या वर्गात घ्यावं लागतं. पण असं कुणी करत नाही हो!"

"मी करतेय. घ्या तिला."

"अहो, पण तिला झेपेल की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"शिकवून बघा ना," मृण्मयी म्हणाली आणि चार्वीचं बोट धरून आत शिरली.