आठवडाभराची सोय

संध्याकाळी सासूबाईंना गोळ्या द्यायला गेलं की सुनेचा अर्धा तास मोडायचा. गुडघ्यावरून निघालेलं बोलणं शेजारणीला वळसा घालून थेट सासूबाईंच्या माहेरी पोचायचं. शेवटी तिने सात खणांची डबी आणली आणि वारावारी गोळ्या भरून टाकल्या.

"आई, आमच्या ऑफिसात याला प्रीलोड म्हणतात. आधीच भरून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी कुणाची वाट बघायला नको."

"हुशार गं माझी बाई!"

दुसऱ्या दिवशी डबी रिकामी आणि सगळ्या गोळ्या एका वाटीत.

"सांडल्या गं हातून. आता तूच बस आणि एकेक निवडून दे."



चिडून ती वळली, तर पलंगाच्या कडेला चादर झटकून तिच्यापुरती जागा सासूबाईंनी केव्हाचीच करून ठेवली होती. सुनेला मान वर करवेना.