एक पट्टी वर

पियानोकडे पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकून पट्टी ओळखायची, असा बाईंचा धडा असे. बाई आणि त्यांची विद्यार्थिनी दोघी पाठमोऱ्या बसत. पट्टी दाबायचं काम काकांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं.

त्या दिवशी, सहा महिन्यांच्या सरावानंतर, मुलगी पहिल्यांदाच न अडखळता म्हणाली, "पांढरी एक."

"चूक! कान आहेत की भिंतीतल्या खुंट्या? काळी एक आहे ती. अहो, सांगा तिला."

काकांचं बोट पांढरी एकवरच होतं. हल्ली बाईंना प्रत्येक सूर एक पट्टी वर ऐकू यायचा. काकांनी डॉक्टरांना गुपचूप विचारलंही होतं. वयाने होतं असं, औषध नाही, म्हणाले. पण ज्या कानांच्या जिवावर बाईंनी जन्म काढला, ते कान फिरले हे सांगायला काकांची जीभ रेटेना.

"हो, काळी एक," ते म्हणाले.

मुलीने वळून पाहिलं. आधी काकांचं बोट, मग त्यांचा चेहरा. ती पुन्हा पाठमोरी बसली.

पुढच्या आठवड्यात काकांनी पांढरी चार दाबली. "काळी तीन," तिने लगतची वरची पट्टी सांगितली. दहाच्या दहा उत्तरं तिने एक पट्टी वर सांगितली.

"बघा हो, कान तयार झाला पोरीचा!" बाईंना काय करू नि काय नको झालं.

 

दारात बूट घालता घालता मुलीने हळूच विचारलं, "काका, परीक्षेला बाई शेजारीच बसणार आहेत. तेव्हा खरं सांगू, की बाईंचं?"