शेजारचं कुलूप

वच्छलाताईच्या पत्राला गोपाळरावांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. “नातीले कॉलेजसाठी तुझ्याकडे ठेवू का? नंदनवन वस्तीत पोरीले धोका तर नाही ना गा?” पेपरात रोज घरफोड्या असायच्या, गल्लीत मात्र सगळं शांत, काय लिहावं कळेना. आज भाजी घेऊन परतले, तर किल्ली कुलपात शिरेना. कुलूपच वेगळं होतं. घर चुकलं, की चोरानं कुलूप बदललं? शेजारची प्रेमलता किल्ली घेऊन आली. “काका, दार उघडं टाकून गेले होते जी. तुमचं कुलूप टेबलावरच आहे. चोऱ्या होऊन राहिल्या, म्हणून मीच माझं लावलं.” म्हणजे वस्ती सुरक्षित की नाही? गोपाळराव आणखीच गोंधळले. “हेच वापरा. तीन किल्ल्या आहेत याच्या, एक माझ्याकडे राहू द्या,” ती म्हणाली. संध्याकाळी त्यांनी कार्ड टाकलं: “धोक्याचं कळत नाही, ताई. नातीला पाठव. तिसरी किल्ली तिची.”